जुन्या नळजोडणीला नवी फिटिंग: कशावर बसणार, हे आधी पाहा

मागच्या वर्षी बेसिनमागच्या भिंतीतून काढलेला अर्धा इंची एल्बो, म्हणजे पाइपाला काटकोनात वळवणारा जोड, मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. आमच्या सोसायटीची इमारत १९७९ सालची, आणि हा एल्बोही त्याच वेळचा. प्लंबरकडून तो करवतीने उभा कापून घेतला, तेव्हा आत तपकिरी, खडबडीत गुठळ्यांचा थर दिसला आणि मधोमध जेमतेम शिसपेन्सिल सरकेल एवढे भोक उरलेले होते. एल्बोचे लोखंड मात्र त्या थराखाली चांगले जाड आणि शाबूत होते. खराब झाला होता तो त्यात अडकून राहिलेला पाइपाचा तुकडा, आणि तोही नेमका आट्यांपाशी. तिथला पत्रा नखाने दाबला तरी पापडासारखा मोडत होता.

जुन्या घराची फिटिंग निवडण्याचा विषय बहुतेक वेळा ‘कोणत्या कंपनीचा माल चांगला’ या प्रश्नापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. माल चांगला हवाच, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. परंतु फिटिंग हा दोन वस्तूंना जोडणारा तिसरा तुकडा असतो, आणि जुन्या घरात त्या दोनपैकी एक वस्तू चाळीस-पन्नास वर्षांची असते. नव्या फिटिंगचा भरवसा हा त्या जुन्या वस्तूच्या शेवटच्या पाच-सहा आट्यांवर अवलंबून असतो, म्हणून निवडीची सुरुवात दुकानात न होता भिंतीपाशी व्हायला हवी.

साधारण नव्वदच्या दशकापर्यंत आपल्याकडच्या घरांत पाण्यासाठी बहुतांशी जी.आय. पाइप वापरला जात असे. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजते आणि स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, हे त्या मुलाम्याचे काम. अडचण अशी की पाइप जोडण्यासाठी त्याच्या टोकाला आटे पाडावे लागतात, आणि डाय फिरवून आटे पाडले की बाहेरचा मुलामा तिथून खरवडून निघतो. शिवाय पाइपाची जाडीही घटते. आय.एस. १२३९ या भारतीय मानकानुसार अर्धा इंची पाइपाची भिंत हलक्या वर्गात २.० मिलिमीटर, मध्यम वर्गात २.६ आणि जड वर्गात ३.२ मिलिमीटर असते. अर्धा इंची आट्याची खोली सुमारे १.१६ मिलिमीटर असते. म्हणजे मध्यम वर्गाच्या पाइपात आट्याच्या तळाशी जेमतेम १.४ मिलिमीटर लोखंड उरते, आणि हलक्या वर्गात तर एक मिलिमीटरही उरत नाही. पाइप मधल्या लांबीत ठणठणीत असूनही सांध्यापाशी का फुटतो, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

हे तीन वर्ग ओळखण्यासाठी पाइपावर रंगाचे पट्टे असतात: हलक्याला पिवळा, मध्यमला निळा आणि जडला तांबडा. भिंतीतला जुना पट्टा आता दिसणार नाही, पण नवा तुकडा जोडताना निळ्याच्या खाली जाऊ नये. हलक्या वर्गाचा पाइप स्वस्त पडतो, आणि भिंतीच्या आत तो वापरण्यासारखी खोटी काटकसर दुसरी नाही. निप्पल ही तर दोन्ही टोकांना आटे असलेली पाइपाचीच कांडी असते, त्यामुळे तिच्या बाबतीत जाडीचा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

‘पाणी बारीक येते’ या तक्रारीचा संबंधही याच गंजाशी आहे. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे येईल, असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात तितक्याच दाबाखाली ते साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते, कारण प्रवाह व्यासाच्या अडीचहून थोड्या अधिक घातानुसार बदलतो. त्यामुळे नळ बदलला, शॉवर बदलला, तरी धार तशीच राहते. आपल्या गावांतून पाणी ठरावीक तासांनाच येते, आणि थेट महापालिकेच्या पाण्यावर असलेली लाइन उरलेला दिवस अर्धवट रिकामी राहते. ओलावा आणि हवा आळीपाळीने मिळाली की लोखंड झपाट्याने गंजते. अशा रिकाम्या लाइनीतला एखादा सैल सांधा बाहेरची घाण आत ओढूनही घेऊ शकतो, म्हणून जमिनीतल्या किंवा गटाराजवळच्या सांध्याचे बारीक पाझरणे ‘थेंबभर तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

आता सांधा उघडण्याकडे येऊ. जुन्या लाइनीवर सर्वांत जास्त नुकसान गंजाने होते की पाइप पान्याने, हे सांगणे अवघड आहे. बाहेर दिसणारा एल्बो एकाच पान्याने जोर लावून फिरवला, तर तो जोर पाइपातून मागे जातो आणि भिंतीतल्या, न दिसणाऱ्या सांध्यावर पडतो. तिथला पापुद्रा झालेला आटा तडकतो, बाहेरचे काम व्यवस्थित होते, आणि आठवड्याने शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. आमच्याकडे नेमके हेच घडले. एका एल्बोसाठी आलेला माणूस तीन फूट भिंत फोडून गेला, आणि त्यात मी त्याला दोष देत नाही, कारण घाई माझीच होती. चांगला प्लंबर नेहमी दोन पाने लावतो: एकाने पाइप जागेवर घट्ट धरतो आणि दुसऱ्याने फिटिंग फिरवतो. तुमच्याकडे आलेल्या माणसाजवळ एकच पाना असेल, तर काम सुरू होण्याआधी दुसरा मागवायला सांगावे. फिटिंग सुटतच नसेल तर पाइपाला पीळ देण्यापेक्षा फिटिंगलाच उभा छेद देऊन ती फोडणे केव्हाही बरे.

फिटिंग निघाली की उघडा पडलेला आटा तारेच्या ब्रशने घासून नीट पाहावा. आट्यांच्या कडा टोकदार आणि सलग दिसल्या, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोराने दाबूनही खड्डा पडला नाही, आणि निदान पाच-सहा पूर्ण आटे शाबूत असले, तर त्या आट्यावर नवी फिटिंग बसवता येते. आटे बोथट, तुटक असतील किंवा टोक आत रुतत असेल, तर कितीही महागडी फिटिंग आणली तरी तिथे ती टिकणार नाही. अशा वेळी मागे जावे, पाइप धडधाकट आहे तिथपर्यंत कापावा आणि जागा मिळत असेल तर तिथे नवे आटे पाडावेत. भिंतीच्या आत डाय फिरवायला जागा नसते, ही खरी मेख आहे. म्हणून पुष्कळदा मागच्या फिटिंगपर्यंत भिंत उघडावी लागते.

लाइनीच्या मधोमध दुरुस्ती करायची असेल, तर साधा सॉकेट, म्हणजे दोन पाइप सरळ जोडणारी आट्यांची नळी, चालत नाही, कारण दोन्ही बाजूंचे पाइप एकाच वेळी फिरवता येत नाहीत. तिथे युनियन लागते, म्हणजे पाइप न फिरवता मधल्या नटने जोडता-सोडता येणारा जोड. जुने मिस्त्री याच कामासाठी लाँग स्क्रू आणि चेक नट वापरत. युनियन थोडी महाग असते आणि जागा खाते, परंतु पुढच्या दुरुस्तीला तीच उपयोगी पडते. माझे मत असे की जुन्या घरात नवा तुकडा जिथे जिथे जोडाल, तिथे हात पोचेल अशा उघड्या जागी एक युनियन ठेवावी. ती भिंतीत गाडून वर टाइल लावली, तर ठेवल्याचा उपयोग नाही.

मापांचा घोळ इथेच सुरू होतो. आपण अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची म्हणतो आणि मानकांत त्यांनाच १५, २० आणि २५ मिलिमीटर म्हटले जाते. अर्धा इंची जी.आय. पाइपावर पट्टी धरली तर बाहेरचा व्यास २१ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो, कारण नावातला अर्धा इंच हा आतल्या पोकळीचा ढोबळ आकडा आहे. अर्धा इंची सी.पी.व्ही.सी. (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा) पाइप बाहेरून १५.९ मिलिमीटरचा असतो. थंड पाण्याचा पांढरा यू.पी.व्ही.सी. प्लंबिंग पाइप अर्धा इंची असेल तर बाहेरून २१.३ मिलिमीटर, आणि शेतीपासून टाकीपर्यंत सगळीकडे दिसणारा राखी पी.व्ही.सी. पाइप बाहेरच्या व्यासानेच ओळखला जातो, म्हणजे २० म्हणजे खरोखर २० मिलिमीटर. नावे जवळपास सारखी असली तरी यांतला एकही दुसऱ्याच्या फिटिंगमध्ये नीट बसत नाही. तेव्हा दुकानात जाताना तोंडी माप सांगण्यापेक्षा निघालेला जुना तुकडा पिशवीत घालून न्यावा.

आट्यांच्या बाबतीत मात्र आपण सुदैवी आहोत. भारतात पाण्याच्या फिटिंगचे आटे एकाच पद्धतीचे असतात, आय.एस. ५५४ प्रमाणे, ५५ अंशांच्या कोनाचे; अर्धा आणि पाऊण इंचाला इंचामागे १४ आटे आणि एक इंचाला ११. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या जी.आय. आट्यावर आजची पितळी फिटिंग बसते. अपवाद फक्त अमेरिकेतून कोणी हौसेने आणलेल्या शॉवरचा किंवा नळाचा. तिथल्या अर्धा इंची आट्यांची संख्याही इंचाला १४ च असते, म्हणून तो दोन-तीन फेरे छान फिरतो आणि फसवतो. त्याचा कोन ६० अंशांचा असल्याने तो कधीच पुरता बसत नाही आणि गळत राहतो. अशा वस्तूला बदल-जोड मिळाला तरच ती लावावी.

आता धातूंकडे. लोखंड आणि पितळ पाण्यात एकमेकांना चिकटले की त्यांची एक लहानशी बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजण्याची पाळी नेहमी लोखंडावर, किंवा त्यावरच्या जस्तावर येते. लांबच लांब जी.आय. लाइनीत एखादा पितळी व्हॉल्व्ह असेल, तर ही झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते आणि वर्षानुवर्षे निभावून जाते. उलट दोन पितळी वस्तूंच्या मध्ये दीड-दोन इंचांची लोखंडी निप्पल घातली, तर सगळी झीज त्या एवढ्याशा कांडीवर येते. गिझर आणि अँगल कॉक यांच्यामध्ये, किंवा भिंतीतला पितळी एल्बो आणि बाहेरचा नळ यांच्यामध्ये हे हमखास दिसते. दुकानात चकचकीत क्रोमची ‘एक्स्टेन्शन निप्पल’ मिळते, ती बाहेरून पितळी वाटते आणि काही वेळा आतून लोखंडी निघते. खिशात एक लहान चुंबक ठेवावा: चिकटला तर लोखंड, आणि ती निप्पल तिथे नको.

चुंबकाची मदत इथपर्यंतच. पितळेच्या नावाखाली जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव नळही विकले जातात आणि त्यांनाही चुंबक चिकटत नाही. ते हातात हलके लागतात. आतल्या बाजूला, मुलामा नसलेल्या जागी किल्लीने ओरखडा काढला तर पितळ पिवळे चमकते आणि जस्त राखी दिसते. स्टेनलेस स्टीलच्या फिटिंगमध्ये ३०४ आणि स्वस्त २०२ या दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ सारखाच नकार देतो, तेव्हा त्या परीक्षेवर विसंबून राहू नये. पितळालाही स्वतःचा एक आजार आहे. क्षार जास्त असलेल्या पाण्यात, विशेषतः बोअरवेलच्या, साध्या पितळातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा लालसर, सच्छिद्र सांगाडा राहतो. व्हॉल्व्हच्या अंगावर लाल डाग आणि पांढरट, फुगीर खवले दिसू लागले, तर तो आवळत बसण्यात अर्थ नाही, बदलावा.

बऱ्याच घरांत सगळी लाइन एकदम बदलणे शक्य नसते, म्हणून जुन्या जी.आय.पुढे नवा सी.पी.व्ही.सी. जोडला जातो. हा मार्ग चांगला आहे. प्लास्टिक वीज वाहत नसल्यामुळे वर सांगितलेली बॅटरी त्या टप्प्यावर आपोआप तुटते. पण धातू आणि प्लास्टिक भेटतात तो सांधा जपून निवडावा लागतो. लोखंडी आटा निमुळता असतो, आणि तो प्लास्टिकच्या मादी (आतल्या बाजूच्या) आट्यात आवळत गेलो की पाचरीसारखा काम करतो. फिटिंग त्या दिवशी गळत नाही, कदाचित महिनाभरही गळत नाही, आणि मग एका रात्री उभी चिरते. म्हणून जुन्या पाइपाचा नर (बाहेरच्या बाजूचा) आटा असेल तर त्यावर पितळी आटा बसवलेला एफ.टी.ए. (आतून आटे असलेला जोड) किंवा दुकानात ज्याला ‘ब्रास एल्बो’ म्हणतात तोच घ्यावा. संपूर्ण प्लास्टिकच्या मादी आट्यात लोखंड कधीही घालू नये. पितळी आट्यालाही मर्यादा आहे: हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक-दीड फेरा पुरे. त्यापुढे आवळले तर पितळी कडी प्लास्टिकमधल्या आपल्या बैठकीतच फिरते.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जी.आय.वर नवे आटे पाडताना डायला तेल लावतात. ते तेल पाइपाच्या तोंडाशी राहिले आणि सी.पी.व्ही.सी.ला लागले, तर काही तेलांमुळे ताणाखालच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. म्हणून आटे पाडल्यावर पाइपाचे तोंड पुसून, साबणाच्या पाण्याने धुऊन मगच पुढचा तुकडा जोडावा.

गरम पाण्यासाठी सी.पी.व्ही.सी. आणि फक्त थंड पाण्यासाठी यू.पी.व्ही.सी., हा भेद पाळायलाच हवा. सी.पी.व्ही.सी.च्या मानकाचा आकडा आय.एस. १५७७८. त्यातला जाड, एस.डी.आर. ११ (बाहेरचा व्यास जाडीच्या अकरा पट) प्रकारचा पाइप ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यातही सुमारे ७ बार दाब सोसतो, तर थंड पाण्याच्या पी.व्ही.सी.ला ४५ अंशांपुढे नेऊ नये. दोघांचे सोल्यूशनही, म्हणजे सांधा चिकटवायचा द्रवही, वेगळे असते आणि एकाचे दुसऱ्याला लावून चालत नाही. फिटिंग चांगली आहे की नाही, हे सोल्यूशन लावण्याआधीच कळते: कोरडा पाइप हाताने फिटिंगच्या पोकळीत सरकवावा; तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडला पाहिजे. थेट तळापर्यंत सैल गेला किंवा तोंडाशीच अडला, तर माप जुळलेले नाही. पाइप आणि फिटिंग शक्यतो एकाच बनावटीची घ्यावी, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी. सी.पी.व्ही.सी. तापल्यावर वाढतोही बराच. ३ मीटर लांबीचा पाइप ५० अंशांनी तापला तर नऊ-दहा मिलिमीटर लांबतो, लोखंड तेवढ्यात दोन मिलिमीटरही वाढत नाही. त्यामुळे त्याला क्लॅम्पने आवळून बांधू नये, आणि गच्चीवर उन्हात असेल तर पाण्यात मिसळणारा रंग द्यावा.

आटा बंद करण्यासाठी जुनी पद्धत सूत आणि सफेद्याची, नवी टेफ्लॉन टेपची. जुना सफेदा शिशाचा असे, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या लाइनीवर तो वापरू नये. सुताबद्दल मात्र माझे मन मऊ आहे: थोड्या झिजलेल्या लोखंडी आट्यावर सूत भिजून फुगते आणि टेपपेक्षा चांगली फट भरते. प्लास्टिकच्या आट्यावर ते अजिबात नको, कारण त्याच फुगण्याने प्लास्टिक फाटते. टेप गुंडाळताना आट्याचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप फिटिंग आवळताना सुटून गोळा होते.

व्हॉल्व्हविषयी थोडेच. जुन्या गेट व्हॉल्व्हची आतली झडप गंजून किंवा गाळ बसून अर्ध्यावर अडकते आणि चाक कितीही फिरवले तरी पाणी पुरते बंद होत नाही. घरातल्या लहान मापांसाठी पितळी बॉल व्हॉल्व्ह अधिक सोयीचा. तो महिन्या-दोन महिन्यांनी एकदा उघडझाप करावा, नाहीतर त्यातही क्षार बसून तो आखडतो. दाबाची भीती मात्र अनाठायी असते. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब पडतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीखाली चार मजले उतरले तरी तळमजल्यावर दीड बारच्या आसपासच दाब असतो. जुन्या जी.आय. लाइनीवर शॉवरसाठी प्रेशर पंप बसवला की हे गणित बदलते, आणि इतकी वर्षे गंजाच्या गुठळीनेच बंद राहिलेली छिद्रे उघडी पडतात. लाइन जुनी असेल तर पंप नको, असेच मी सांगेन.

खरेदीच्या वेळी आय.एस.आय. चिन्ह पाहताना नुसते चिन्ह पाहून थांबू नये. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा आकडा असतो आणि खाली सी.एम./एल.ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बी.आय.एस. केअर या ॲपमध्ये घातला, तर परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही, हे काउंटरवर उभ्या उभ्या कळते. मानकाचा आकडा वस्तूशी जुळतो का, हेही पाहावे. लोखंडी एल्बोवर प्लास्टिक पाइपाच्या मानकाचा आकडा दिसला, तर दुकान बदलावे.

काम झाल्यावर भिंत लगेच बुजवू देऊ नये. सोल्यूशनचे सांधे वाळण्यासाठी त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा, मग लाइन भरून निदान एक रात्र सगळे नळ बंद ठेवावेत आणि सकाळी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवून पाहावा. कोरडा निघाला की उघड्या लाइनीचे फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर कोणता सांधा आहे, ते पुढच्या माणसाला भिंत न फोडता समजेल. त्यानंतर गवंड्याला बोलवावे.